सिगारेट सोडून निकोटिन गमवर येताय? या चुका टाळा

नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या मेडिकलमधून निकोटिन गमच्या गोळ्यांची पहिली स्ट्रिप नेणारे खूप असतात, दुसरी न्यायला परत येणारे फार थोडे. सिगारेट सुटली म्हणून आले नसतील असं म्हणावं, तर तीच माणसं दोन आठवड्यांनी समोरच्या टपरीवर दिसतात. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “ताई, ती गोळी आपल्याला लागू पडत नाही.” जरा खोदून विचारलं की कळतं, गोळी साध्या च्युइंगमसारखी चावली होती, वरून गरम चहा घेतला होता आणि दिवसभरात दोनच घेतल्या होत्या. अशानं कुणालाच लागू पडणार नाही. वाईट याचं वाटतं की तो माणूस दोष स्वतःला देतो, आपल्यात जिद्दच नाही म्हणतो. दोन दिवस तलफ दाबून रात्रपाळी करणाऱ्याकडे जिद्द नाही असं मी तरी म्हणणार नाही. चुकते ती पद्धत, आणि ती दुरुस्त करता येते.

आधी व्हेपबद्दल

कॉलेज रोड, गंगापूर रोडची तरुण मुलं हल्ली आधी व्हेपच मागतात, म्हणजे निकोटिनच्या द्रवाची वाफ ओढायची ई-सिगारेट. बाहेरच्या देशात लोक सिगारेट सोडायला व्हेप घेतात, मग आपण का नको, असा त्यांचा सवाल असतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देते. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना व्हेपवर यायला सांगते आणि त्यानं सिगारेट सुटायला मदत होते हे अभ्यासांतही दिसलंय. पण तिथे द्रवातलं निकोटिन एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही असा कायदा आहे. आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यालाच एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे इथे जे मिळतं ते सगळं चोरीछुपे आलेलं. त्यात निकोटिन किती, आणखी काय मिसळलंय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

हा धोका कागदावरचा नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना अचानक गंभीर इजा व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ दगावले. त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेल्या, अनधिकृत मार्गानं आलेल्या व्हेपच्या द्रवाच्या नळ्या वापरल्या होत्या आणि त्यांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट नावाचं तेलकट द्रव्य सापडलं. आपल्या हातातली डबी कुठून आली हे माहीत नसेल, तर तिच्यात काय आहे हेही माहीत नाही असंच धरा.

ज्यांनी आधीच व्हेप घेऊन ठेवलंय त्यांच्यात दिसणारी गोष्ट म्हणजे घरात व्हेप आणि बाहेर सिगारेट. दोन्ही चालू ठेवून धुराचं नुकसान टळत नाही. निकोटिननं सवय लागते, पण कॅन्सर, हृदयविकार आणि दम्यासारखे आजार मुख्यतः जळालेल्या तंबाखूच्या धुरातून येतात. म्हणूनच धूर बंद करून निकोटिन तेवढं मोजून देणाऱ्या गोळ्या आणि कातडीवर लावायच्या पट्ट्या कायद्यानं मेडिकलमध्ये मिळतात. २ मिलिग्रॅमच्या गमला चिठ्ठी लागत नाही, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

गम चघळायचा नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबते. गमच्या नावावर जाऊन लोक तो सलग चावतात. निकोटिन भसाभस सुटतं, लाळेबरोबर पोटात जातं आणि उचकी, मळमळ, छातीत जळजळ, घशात खवखव सुरू होते. पोटात गेलेलं निकोटिन रक्तात पोचायच्या आधी यकृत त्याचा बराचसा भाग मोडून टाकतं. म्हणजे त्रास पुरेपूर आणि तलफ होती तशीच. निकोटिन शोषलं जायचं ते गालाच्या आतल्या कातडीतून.

बरोबर पद्धत अशी. गोळी तोंडात टाकून सावकाश, अगदी मोजून चावायची. थोड्याच वेळात मिरीसारखी चरचर किंवा झिणझिण जाणवते. तिथे लगेच थांबायचं आणि गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. मिनिटभरात चरचर ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं आणि आता दुसऱ्या गालात ठेवायची. असं साधारण अर्धा तास. चरचर यायचीच बंद झाली की गोळी संपली. मग ती कागदात गुंडाळून टाकायची, कारण चघळून झालेल्या गोळीतही निकोटिन उरतं आणि लहान मुलाच्या हाती ती लागता कामा नये.

मी काउंटरवर पहिली गोळी समोरच घ्यायला लावते. परवा एक काका आले होते, बिडी ओढणारे. दोनदा चावल्यावर त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. म्हणाले, “तिखट लागतंय की!” मी म्हटलं, “काका, आता चावू नका, गालात ठेवा.” मिनिटभर गप्प उभे राहिले, मग मान हलवली. घरी जाऊन वाचू म्हणणाऱ्यांपैकी पाकिटातला तो बारीक अक्षरांचा कागद कुणी उघडत नाही.

कवळी असेल तर गम तिला चिकटतो. त्यांनी गमची गोळी सोडून चोखायची गोळी किंवा कातडीवरची पट्टी घ्यावी.

तलफ आली की घेऊ, ही समजूत

सिगारेटचा झुरका घेतला की निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. गममधलं पोचायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. मेंदूला त्या झटक्याची सवय असते, त्यामुळे तलफ अंगावर आल्यावर गोळी टाकणाऱ्याला पहिली पंधरा मिनिटं काहीच वाटत नाही, आणि तेवढ्यात तो टपरीवर पोचलेला असतो. गोळी तलफेच्या आधी घ्यायची असते, घड्याळ बघून. पहिले सहा आठवडे दर एक ते दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला किमान आठ-नऊ. दोन-तीन गोळ्यांवर भागवणारा माणूस दिवसभर अर्धाउपाशी राहतो आणि संध्याकाळी मोडतो. २ मिलिग्रॅमची वरची मर्यादा दिवसाला २४ गोळ्यांची आहे. तिथवर सहसा कुणी जात नाही.

डोस ठरवायला एक साधा प्रश्न पुरतो: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय खोल आहे, ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांना भेटा. बिडी ओढणाऱ्यांनी तर हे नक्की करावं. सिन्नरकडची मंडळी बिडीला हलकी समजतात, पण बिडीच्या धुरातून मिळणारं निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसतं.

चहाचं काय करायचं?

नाशकात सिगारेट एकटी येत नाही, चहाबरोबर येते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत साडेदहाची सुट्टी म्हणजे कटिंग आणि सुट्टा. इथे दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि लोक दोन्हींत फसतात.

पहिली तोंडातली. गालातून निकोटिन शोषलं जायला तोंडात आम्लता कमी लागते. चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक, ताक, अगदी मिसळीवर पिळलेलं लिंबूसुद्धा ती वाढवतं, आणि मग गोळीचा निम्मा गुण वाया जातो. म्हणून गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. साडेदहाला चहा असेल तर पावणेदहाला गोळी घ्या, सव्वादहाला टाकून द्या आणि चहा निवांत प्या. निकोटिन तेव्हा अंगात असतंच, त्यामुळे टपरीसमोर उभं राहणं थोडं सोपं जातं.

दुसरी अडचण फारशी कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातली काही द्रव्यं यकृताला कॅफीन झपाट्यानं मोडायला लावतात. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. धूर थांबला की चार-पाच दिवसांत हा वेग खाली येतो आणि पूर्वीइतकाच चहा प्यायला तरी रक्तात कॅफीन कितीतरी जास्त वेळ राहतं. हात थरथरतात, धडधडतं, झोप उडते, चिडचिड होते. माणसाला वाटतं, सिगारेट सोडल्यामुळे आपलं डोकं फिरलंय, आणि तो एक पेटवतो. त्याआधी चहा निम्म्यावर आणून बघा. दिवसाला आठ कटिंग असतील तर चार करा, संध्याकाळनंतर एकही नको. अनेकांची झोप एवढ्यानंच परत येते.

हेच कारण काही औषधांना लागू होतं. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलांझापिन चालू असेल तर सिगारेट बंद होताच रक्तात त्यांचं प्रमाण वाढतं. सोडायची तारीख डॉक्टरांना आधी कळवा, डोस बदलावा लागू शकतो.

एक सोडून दुसरं

सिगारेटऐवजी तंबाखू मळणं, मशेरी लावणं किंवा लपूनछपून मिळणारा गुटखा हे बदल नव्हेत. धूर गेला तरी तोंडाच्या कॅन्सरचं दार उघडंच राहतं. ‘हर्बल’ सिगारेटमध्ये तंबाखू नसला तरी पाला जळतोच, आणि त्याच्या धुरात टार आणि कार्बन मोनॉक्साइड असतातच. ‘रोज एक कमी करू’ म्हणणारे बहुधा तीन-चारवर अडकतात आणि ती तीन-चार जास्त खोल ओढतात. तारीख ठरवा, त्या दिवशी घरातली लायटर-काडेपेटी बाहेर काढा. सुट्या सिगारेटच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, तरी ती मिळते, म्हणून सुरुवातीचे दिवस टपरीचा रस्ताच बदला.

पट्टीबद्दल थोडक्यात. दहापेक्षा जास्त सिगारेट ओढणाऱ्यांना सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, मग १४, मग ७. रोज नवी जागा, केस नसलेली कोरडी कातडी, आणि खाली तेल-क्रीम नको. रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढा. पट्टी लावून वर तलफेपुरता गम घेतला तर दोघांपैकी एकापेक्षा जास्त उपयोग होतो, पण हे डॉक्टरांना विचारून करा.

खोकला वाढला म्हणून घाबरू नका

“सोडल्यापासूनच खोकला लागला, त्यापेक्षा ओढत होतो ते बरं होतं,” हे वाक्य हिवाळ्यात तर रोज कानावर येतं. श्वासनलिकेच्या आत कफ वर ढकलणारी बारीक लव असते. धुरानं ती लुळी पडलेली असते, धूर थांबला की कामाला लागते आणि साठलेला कफ बाहेर काढते. काही आठवडे हे चालतं. गरम पाणी, वाफ, आणि धीर. मात्र दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सोबत बारीक ताप, वजन घटणं किंवा थुंकीत रक्त असेल तर तो सिगारेट सोडल्याचा खोकला समजून घरी बसू नका. टीबीसाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

बद्धकोष्ठता, तोंड येणं, भूक वाढणं हेही होतं. चिडचिड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत उतरते. घरच्यांना हे दिवस आधी सांगून ठेवा, नाहीतर भांडण होतं आणि भांडणाच्या निमित्तानं पाकीट येतं.

एखादा झुरका झालाच तर

लग्नात, पार्टीत, दारूबरोबर हे घडतं. मग लोक गम फेकून देतात, कारण ‘गोळी घेताना सिगारेट ओढली तर हार्ट अटॅक येतो’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. एका सिगारेटनं तसं होत नाही. गोळ्या चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी वेळापत्रकावर परत या, आणि पहिला महिना दारूपासून लांब राहा.

उलट चूक म्हणजे बरं वाटलं की पंधरा दिवसांत गोळ्या बंद करणं. हा साधारण बारा आठवड्यांचा मामला आहे. सहा आठवड्यांनंतर दोन ते चार तासांनी एक, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी एक, अशी उतरण असते.

गरोदर बाई, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस, अठराच्या आतली मुलं यांनी माझ्यासारख्या मेडिकलवालीच्या सांगण्यावर काही घेऊ नये, डॉक्टरांकडेच जावं. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये जाऊन तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनाची चौकशी करा. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतक्रमांक मोफत आहे. फोन करताना उठल्यावर किती वेळात पहिली लागते, दिवसाला किती होतात आणि मागच्या वेळी कुठे मोडलं, हे तिन्ही आधी आठवून ठेवा. पहिले प्रश्न तेच असतील.