भाडेकरू मुदतीआधी निघाला? वीज-पाण्याच्या या चुका टाळा

करार अकरा महिन्यांचा, आणि सातव्या महिन्यात फोन येतो, "काका, बदली झाली, रविवारी निघतोय." अंबड-सातपूरच्या नोकऱ्यांमुळे नाशकात हे नेहमीचंच. घरमालक भाड्याचा हिशेब चोख करतात, मीटरकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शेवटचं बिल भरलेलं पाहून डिपॉझिट परत देणं. ते बिल मागच्या रीडिंगपर्यंतचं असतं. पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या फ्लॅटचं मीटर जिन्याखालच्या जाळीत, आणि जाळीला कुलूप. दोन महिने रीडिंग झालंच नाही, सरासरीवर बिलं आली. भाडेकरू मुलगा सालस, बिलं वेळेत भरायचा. मी पूर्ण डिपॉझिट देऊन टाकलं. पुढे खरं रीडिंग झालं आणि एसीचा अख्खा उन्हाळा एका बिलात आला, साडेपाच हजार. फोन केला तर म्हणाला, "काका, मी सगळी बिलं भरलीत." खरंच भरली होती. चालू रीडिंगच्या जागी आकडाच नव्हता आणि मी फक्त रक्कम पाहिली होती.

तेव्हापासून किल्ली घेण्याआधी मी आणि भाडेकरू दोघं मीटरसमोर उभे राहतो. स्क्रीनवर आकडे फिरत असतात. ज्याच्या बाजूला 'केडब्ल्यूएच' (kWh, म्हणजे युनिट) येतं त्याचाच फोटो काढायचा. त्यातून बिलातलं शेवटचं खरं रीडिंग वजा करायचं. दर मी त्याच्याच एखाद्या खऱ्या रीडिंगच्या बिलातून काढतो, रक्कम भागिले युनिट. सरासरीची बिलं भरली असतील तर ती रक्कम वजा. दहा मिनिटांचं काम आहे, पण "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव ना फोटो" म्हणणारे घाईवाले इथेच फसतात.

घर रिकामं म्हणून बिल थकवू नका. स्थिर आकार शून्य वापरावरही लागतो, आणि जोडणी तुमच्या नावावर असल्याने थकबाकीही तुमचीच. 2003 च्या वीज कायद्यानुसार 15 दिवसांच्या नोटिशीनंतर वीज तोडता येते. स्थिर आकार वाचवायला कनेक्शनच कायमचं बंद करणं तर मला अजिबात पटत नाही. नवा भाडेकरू आला की पुन्हा अर्ज, पुन्हा अनामत.

पाइप गॅस असेल तर त्याच्याही मीटरचा फोटो काढा आणि व्हॉल्व्ह बंद करा. वाय-फाय भाडेकरूच्या नावावर असेल तर त्यालाच बंद करायला लावा.

फ्रीज बंद केलात तर दार उघडं ठेवा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. पाणी नसताना उघडा राहिलेला नळ रिकाम्या घरात रात्रभर वाहतो. आणि पंधरा दिवसांनी एकदा जाऊन प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखाली, तांब्याभर पाणी ओता. आतलं पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं थेट घरात येतात.