पीपीएचा प्रकार कॉम्प्युटरकडून ओळखून घेताना

पीपीए म्हणजे प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया, मेंदूच्या आजारामुळे भाषा हळूहळू हरवत जाणं. २०११च्या निकषांनी त्याचे तीन प्रकार ठरवले: सिमँटिक (शब्दांचे अर्थ हरवतात), नॉनफ्लुएंट (बोलणं अडखळतं, व्याकरण गळतं) आणि लोगोपेनिक (नेमका शब्द सापडत नाही). मी वाचोपचाराचं काम करते. पेशंटच्या बोलण्यावरून प्रकार ओळखणारं कॉम्प्युटर मॉडेल बनवायचं म्हटलं, की आमच्याकडची ज्युनिअर मुलं थेट कोडला हात घालतात, म्हणून हे लिहून ठेवतेय.

आधी रेकॉर्डिंग. सगळ्यांना एकच चित्र द्या. बोस्टन चाचणीतलं बिस्किटं चोरणाऱ्या मुलाचं चित्र बरेच जण वापरतात. खोली आणि माइक बदलू नका. एका प्रकारचे पेशंट एका दवाखान्यातले, दुसरे दुसरीकडचे असले, तर मॉडेल आजार सोडून पंख्याचा आवाज शिकतं.

मग लिहून काढणं. खरी मेहनत इथेच. पेशंट म्हणतो, "मुलगा... स्टूल... चढ." टाइप करणारा सवयीनं लिहितो, "मुलगा स्टुलावर चढला." झालं, नॉनफ्लुएंटचा पुरावाच पुसला! आपोआप लिहून देणारी सॉफ्टवेअरंही "अं" आणि अडखळणं बऱ्याचदा गाळतात. त्यांचा मसुदा खुशाल घ्या, पण ओळ न् ओळ ऐकून तपासा.

मोजायचं काय? इंग्रजीवरच्या कामात आर्टिकलं (a, an, the) मोजतात. मराठीत ती नाहीतच. सर्वनामंही जपून मोजा, आपण ती एरवीही गाळतो. गळलेले प्रत्यय, क्रियापदांची रूपं, बोलण्याचा वेग आणि पाव सेकंदाहून मोठे विराम मोजा. विराम प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडतात. सिमँटिकवाला सहसा अडखळत नाही, "ते हे तिकडे ठेवतात ना, ते" असं धो धो बोलतो. नावं मात्र गायब. लोगोपेनिकवाला नेमका नावापाशी अडतो: "काय म्हणतात त्याला..." म्हणून विराम कुठे पडला, तेही नोंदवा.

मॉडेल साधं ठेवा. आजार विरळा, पेशंट मोजके; लॉजिस्टिक रिग्रेशन या साध्या संख्याशास्त्रीय पद्धतीनं सुरुवात करा. एकाच माणसाची रेकॉर्डिंगं मॉडेलच्या शिकवणीत आणि परीक्षेत वाटली जाऊ देऊ नका. नाहीतर मॉडेल माणूस ओळखतं आणि तुम्ही पेढे वाटता.

नुसत्या चित्रवर्णनावर भागत नाही. लोगोपेनिकच्या निकषात वाक्य परत म्हणता न येणं आहे, सिमँटिकच्या निकषात सुट्या शब्दाचा अर्थ न लागणं. त्याच बैठकीत काही वाक्यं परत म्हणून घ्या, "गाळणी म्हणजे काय?" असंही विचारा. मॉडेलकडून उत्तर शक्यतेच्या आकड्यात घ्या. दोन प्रकार बरोबरीला आले, तर "अनिश्चित" लिहून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. काही पेशंट तिन्हींत बसतच नाहीत. त्यांच्यासाठी चौथा रकाना पहिल्यापासूनच आखून ठेवा.