एक्स्चेंजला जाताना आधी रेसिडन्स परमिट बघा

पॅरिसच्या सियांस पो या विद्यापीठात राज्यशास्त्रवाल्यांना पदवीचं तिसरं वर्ष परदेशात काढावं लागतं. विषय निवडण्यात सगळे डोकं घालतात, पण भारतीय पासपोर्टवाल्यांनी आधी परमिटचं बघावं. युरोपीय संघाच्या २०१६ च्या नियमानुसार, दोन विद्यापीठांत करार असेल तर एका देशाच्या विद्यार्थी-परमिटवर दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत शिकता येतं. काही देशांना मात्र आधी कळवावं लागतं. आयर्लंड आणि डेन्मार्कला हा नियमच लागू नाही. परमिटची मुदत मुक्काम संपेपर्यंत पुरायला हवी. मधेच संपत असेल तर निघण्यापूर्वीच नूतनीकरण उरकून घ्या, परक्या गावातून ते फार जिकिरीचं होतं. आणि हो, बर्लिनला गेलात तर बुंडेस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, प्रेक्षक सज्जासाठी नोंदणी जरूर करा. चर्चा समोर बसून ऐकता येते, तीही फुकट.