इमिग्रेशन आणि ग्लोबल मोबिलिटीत करिअर कसं सुरू करायचं?

हिंजवडी किंवा खराडीतल्या कुठल्याही मोठ्या आयटी कंपनीत ऑनसाइट गेलेला माणूस सगळ्यांना माहिती असतो, त्याला पाठवणारी टीम मात्र कोणाच्या खिजगणतीत नसते. त्याची पिटिशन (व्हिसासाठी तिकडच्या सरकारकडे करायचा अर्ज) कोणी तयार केली, जर्मनीला गेल्यावर पीएफ इथेच कापायचा की तिकडची वर्गणी भरायची, बायकोचा डिपेंडंट व्हिसा कधी लावायचा, तीन महिन्यांसाठी गेलेला माणूस आठ महिने राहिला तर टॅक्सचं काय, हे सगळं कोणीतरी बसून बघत असतं आणि त्याचा त्याला पगार मिळतो. या कामात, म्हणजेच इमिग्रेशन आणि ग्लोबल मोबिलिटीत, एलएलबीवाले आहेत, एमबीए एचआरवाले आहेत, साधं बीकॉम झालेलेही आहेत. घरी सांगितलंत की "म्हणजे व्हिसा एजंटच ना?" असं विचारतील, ते ऐकून घ्यायचं आणि कामाला लागायचं.

पायरी १: कुठल्या बाजूला जायचंय ते ठरवा

ढोबळमानाने तीन बाजू आहेत. पहिली केसवर्क, म्हणजे फॉर्म भरणं, कागद तपासणं, पिटिशन ड्राफ्ट करणं, सरकारकडून शंका आली की तिचं उत्तर तयार करणं. हे काम फ्रॅगोमेनसारख्या फक्त इमिग्रेशन करणाऱ्या फर्ममध्ये असतं, बिग फोरमध्ये (ऑडिट-सल्ल्याच्या चार मोठ्या कंपन्या) असतं आणि मोठ्या आयटी कंपन्यांच्या स्वतःच्या टीममध्येही असतं. दुसरी कॉर्पोरेट मोबिलिटी, इथे व्हिसा हा एक भाग झाला, बाकी असाइनमेंट लेटर, पगार कुठल्या देशातून द्यायचा, घर, मुलांची शाळा, परत आल्यावर रोल काय, असा सगळा संसार बघायचा. तिसरी पॉलिसी, म्हणजे संशोधन, सरकार, आयओएम-आयएलओसारख्या (स्थलांतर आणि कामगारांवर काम करणाऱ्या) आंतरराष्ट्रीय संस्था.

कायद्याची किंवा कागदांची आवड असेल तर पहिली, माणसं हाताळायला जमत असेल तर दुसरी, लिहिण्या-वाचण्यात रमत असाल तर तिसरी. बहुतेक जण पहिलीतून दुसरीत जातात, उलटं क्वचितच होतं, म्हणून शंका असेल तर केसवर्कपासून सुरू करा. व्हीएफएस ग्लोबलमधली नोकरीही सुरुवातीला वाईट नाही (कंपनी २००१ मध्ये मुंबईतच सुरू झाली), फक्त एवढं लक्षात ठेवा की तिथे अर्ज घेतले जातात, व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावासच ठरवतो, त्यामुळे कायदा तिथे शिकायला मिळत नाही.

पायरी २: एकच देश धरा, आणि त्यातलाही एकच व्हिसा

माझं ठाम मत आहे की सुरुवातीला "ग्लोबल" काहीही शिकू नका. रिझ्युमेवर बारा देशांची नावं असतात आणि एकाही देशाचा फॉर्म नीट माहिती नसतो, असे उमेदवार ढिगाने येतात.

उदाहरणार्थ अमेरिकेचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा घ्या. मार्चमध्ये कंपनी रजिस्ट्रेशन करते, त्याची फी २०२५ मध्ये १० डॉलरवरून २१५ डॉलर झाली. वर्षाला जागा ६५ हजार आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, मागणी त्याहून कितीतरी जास्त म्हणून निवड करावी लागते. नंबर लागला की लेबर डिपार्टमेंटकडून एलसीए (पगार आणि कामाच्या जागेची मंजुरी) घ्यायचा, मग यूएससीआयएसकडे, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, आय-१२९ हा पिटिशनचा फॉर्म, आणि सगळं जमलं तर कामाला सुरुवात १ ऑक्टोबरपासून. हे इथपर्यंत कोणीही पाठ करतं. खरी गंमत पुढे आहे: एलसीए हा ठराविक जागेला आणि ठराविक पगाराला बांधलेला असतो, त्यामुळे डॅलसच्या क्लायंटकडचा माणूस मॅनेजरने फोन करून शिकागोला हलवला तर आधी सुधारित पिटिशन टाकावी लागते, २०१५ च्या सिमिओ निकालापासून हे अगदी स्पष्ट आहे. मॅनेजरला वाटतं लॅपटॉप उचलला आणि गेला, झालं! त्याला वेळेत अडवणं हेच तुमचं काम.

मग त्याच्या शेजारचा एल-१, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा बघा. गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच कंपनीच्या परदेशातल्या ऑफिसात काम केलेलं हवं, मॅनेजर असेल तर जास्तीत जास्त सात वर्षं, स्पेशल नॉलेजवाला असेल तर पाच. दोन्ही समजले की एक कल्पित कर्मचारी घ्या, नाव काहीही द्या, आणि त्याला कुठल्या व्हिसावर आणि का पाठवाल हे एका पानात लिहा. यूट्यूबवरून नाही, यूएससीआयएसच्या साइटवर फॉर्मच्या इन्स्ट्रक्शन्स असतात त्या वाचून. कंटाळवाणं आहे, हो.

पायरी ३: कागद वाचायची सवय लावा

इथे मराठी माणसाला आयता फायदा आहे कारण आपल्या कागदांचे घोळ आपल्याला आतून माहिती असतात. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. लग्नानंतर पासपोर्ट बदलला तर वडिलांच्या जागी नवरा आणि आडनाव नवं, पण डिग्री माहेरच्या नावाची आणि पहिल्या कंपनीचं एक्सपिरियन्स लेटरही माहेरच्याच नावाचं. त्यात डिग्री पुणे विद्यापीठाची आणि अर्जात लिहिलंय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कारण नाव २०१४ मध्ये बदललं. परदेशातल्या अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं आणि दोन वेगळी विद्यापीठं वाटू शकतात. चांगला केसवर्कर हे सगळं पहिल्याच दिवशी टेबलावर मांडतो, मॅरेज सर्टिफिकेट, गॅझेट किंवा अ‍ॅफिडेव्हिट काय लागेल ते मागून घेतो, प्रश्न यायची वाट बघत बसत नाही.

तीन वर्षांच्या बीएस्सीचंही तसंच. अमेरिकेत ती त्यांच्या चार वर्षांच्या डिग्रीबरोबर धरत नाहीत, एच-१बीसाठी तीन वर्षांचा अनुभव म्हणजे एक वर्षाचं शिक्षण असा हिशोब लावता येतो, पण ग्रीन कार्डच्या ईबी-२ या प्रकारात तो चालत नाही. अशी एक गोष्ट नीट समजावून सांगता आली की समोरचा मुलाखत घेणारा खुर्चीत सावरून बसतो.

पायरी ४: टॅक्स आणि सोशल सिक्युरिटीचं तोंडओळखीपुरतं तरी शिका

सीए व्हायची गरज नाही. पण भारतात टॅक्ससाठी १८२ दिवसांचा निकष काय, शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) १८० दिवसांत ९० दिवस कसे मोजतात, आणि सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज म्हणजे काय, एवढं यायलाच हवं. शेवटचं सर्टिफिकेट, म्हणजे माणूस इथेच पीएफ भरतोय याचा दाखला, ईपीएफओ देतं. जर्मनीशी आपला करार आहे त्यामुळे ते दाखवलं की तिकडे दुहेरी वर्गणी भरावी लागत नाही. अमेरिकेशी करारच नाही, म्हणून एच-१बीवाले तिकडे सोशल सिक्युरिटी भरतात, तिथली पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते आणि एच-१बी मुळात सहा वर्षांचा. पैसे गेले ते गेले. ब्रिटनबरोबर २०२५ च्या व्यापार करारासोबत तीन वर्षांपर्यंतची सूट ठरली, त्यावर लक्ष ठेवा.

पायरी ५: इकडे येणाऱ्यांनाही विसरू नका

सगळ्यांना बाहेर पाठवायचं काम हवं असतं, त्यामुळे भारतात येणाऱ्या परदेशी लोकांचं काम करणारे कमी पडतात. चाकणला जर्मन किंवा कोरियन इंजिनिअर येतात, पुणे-बेंगळुरूत परदेशी कंपन्यांची ग्लोबल सेंटर उघडतायत. एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी साधारणपणे वर्षाला १६.२५ लाखांच्या वर पगार लागतो (परदेशी पदार्थांचे कुक, भाषाशिक्षक वगैरे थोडे अपवाद सोडून), मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी लोकांच्या नोंदणीचं सरकारी कार्यालय) नोंदणी. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरिनर्स कायदा लागू झालाय, त्याने १९२० पासूनचे चार जुने कायदे मोडीत काढले. म्हणजे या बाबतीत वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूससुद्धा सध्या नवीन वाचतोय, तुमच्यासाठी याहून चांगली वेळ कुठली?

पायरी ६: पॉलिसीत जायचं असेल तर

मुंबईत देवनारला आयआयपीएस (लोकसंख्या विज्ञान संस्था) आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) या दोन्ही संस्था जवळजवळ आहेत, लोकसंख्या आणि स्थलांतर शिकायला उत्तम. केरळमध्ये १९९८ पासून मायग्रेशन सर्व्हे होतो, तो कसा करतात, प्रश्न काय विचारतात हे जरूर वाचा. सरकारी बाजूला १९८३ चा इमिग्रेशनचा नाही तर एमिग्रेशनचा (देशाबाहेर जाणाऱ्यांचा) कायदा, तो राबवणारे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, ई-मायग्रेट पोर्टल, दहावी न झालेल्यांसाठी ईसीआर पासपोर्ट आणि त्यावर नोकरीला जाताना आधी सरकारी परवानगी लागते ते १८ देश, एवढं माहिती हवं.

या क्षेत्रात डिग्रीपेक्षा लिहिलेलं जास्त बघतात, तेव्हा घराजवळचा विषय घ्या. रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणारी कुटुंबं आहेत. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांचे वारस पोर्तुगीज पासपोर्ट घेतात, भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने इकडचं जातं, आणि मग ओसीआय कार्डाचे (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) खेटे सुरू होतात. किंवा महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला, त्याचं पुढे काय झालं ते शोधा. त्याच वर्षी जर्मनीने भारतीयांच्या कुशल कामगार व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर न्यायचं जाहीर केलं होतं, म्हणून जर्मन भाषा बी१ पर्यंत (मधल्या पातळीपर्यंत) केलेली असेल तर तिन्ही बाजूंना तिचा उपयोग आहे.

पायरी ७: लायसन्सची रेषा ओलांडू नका

कॅनडाचा लायसन्सवाला कन्सल्टंट व्हायचं तर आधी तिथला नागरिक किंवा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना असलेला) असावं लागतं, ऑस्ट्रेलियाच्या मायग्रेशन एजंटचंही जवळपास तसंच. अमेरिकेच्या केसमध्ये कायदेशीर सल्ला तिथला अ‍ॅटर्नीच देतो, इथली माणसं त्याच्या हाताखाली पॅरालीगल (वकिलाचे मदतनीस) म्हणून काम करतात. त्यामुळे "सहा महिन्यांत सर्टिफाइड इमिग्रेशन कन्सल्टंट" म्हणून लाखभर रुपये मागणाऱ्या क्लासला लांबूनच नमस्कार करा. आणि जिथे नोकरी लागेल तिथे खोटं एक्सपिरियन्स लेटर "अ‍ॅडजस्ट" करा म्हणाले तर त्याच महिन्यात दुसरीकडे बघा, या धंद्यात एकदा नाव खराब झालं की संपलं.

पायरी ८: अर्ज आणि मुलाखत

नोकरी शोधताना इमिग्रेशन अ‍ॅनालिस्ट, मोबिलिटी असोसिएट, असाइनमेंट कोऑर्डिनेटर, पॅरालीगल अशी नावं टाका. रात्रीची शिफ्ट असू शकते, विचारून घ्या. आणि बातम्यांवर लक्ष हवंच. १९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेत, आपल्याकडे शनिवार उजाडताना, एच-१बीवर एक लाख डॉलर भरायचा आदेश आला. कोण सुट्टीवर भारतात आहे, कोण विमानात आहे याच्या याद्या सगळ्या टीम शनिवारभर करत होत्या, आणि मग खुलासा आला की हे फक्त नव्या पिटिशनला लागू आहे. मुलाखतीत अजूनही यावर विचारू शकतात.

हमखास येणारा प्रश्न मात्र असा असतो: "एका माणसाला सोमवारी फ्रँकफर्टला पाठवायचंय, काय कराल?" लगेच व्हिसाचं नाव सांगू नका. तिथे जाऊन तो नेमकं काय करणार, मीटिंग की प्रत्यक्ष काम, किती दिवस, पगार कोण देणार, पासपोर्ट कुठल्या देशाचा, गेल्या सहा महिन्यांत शेंगेनमध्ये किती दिवस होता, हे आधी विचारा. व्हिसाचं नाव त्यानंतर घ्या, आणि सोमवारी जमणार नसेल तर तेही तिथेच सांगा.