गॅस गिझर आणि सीओ अलार्म: कुठे लावायचा, कुठे नाही

गिझर बाथरूमच्या आत असेल, तर अलार्म घेण्याआधी प्लंबरला बोलवा. गिझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हलवा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. १ किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये साडेपाच घनमीटरही नसते. दार-खिडकी लावून घरात लागोपाठ अंघोळी झाल्या की ऑक्सिजन घटतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ, हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. बाहेरची हवा आत यायला जाळी नसेल, तर तो गिझरच्या पाइपातून जाणारा धूर उलटा आत ओढू शकतो.

अलार्म बाथरूममध्ये लावायचा नसतो, वाफेने सेन्सर बिघडतो. आणि बाहेर पॅसेजमध्ये लावला, तर बंद दाराआड अंघोळ करणाऱ्याला तो वेळेत सावध करेलच असं नाही. म्हणूनच गिझर हलवणं आधी.

दुकानात ‘गॅस डिटेक्टर’ मागितला की बहुधा एलपीजी गळतीचा हातात येतो. तो जमिनीलगत लावतात, कारण एलपीजी हवेपेक्षा जड. सीओ हवेपेक्षा किंचित हलका, शिवाय गरम धुराबरोबर वर चढतो. खोक्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ आणि ईएन ५०२९१ (युरोपियन) किंवा यूएल २०३४ (अमेरिकन) हे मानक छापलेलं बघूनच घ्या. ईएनचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत सीओचे ५० भाग) ६० ते ९० मिनिटांनी, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला ३ मिनिटांच्या आत वाजतो.

ड्राय बाल्कनीला लागून असलेल्या खोलीत तो भिंतीवर, छतापासून किमान १५ सेंटिमीटर खाली पण दाराच्या चौकटीच्या वर बसवा. पडद्यामागे, कपाटात किंवा पंख्याच्या झोतात नको. बेडरूममध्ये मात्र उशीच्या उंचीला. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. त्याने बॅटरी आणि भोंगा तपासला जातो, सेन्सरचं वय कळत नाही. मागे छापलेली बदलण्याची तारीख उलटली की यंत्र बदलायचं, नुसते सेल नाही.

गिझरची ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा झाकणावर काजळी धरली, तर बर्नर साफ होईपर्यंत गिझर वापरू नका.

अलार्म वाजला, किंवा अंघोळीत डोकं दुखून मळमळलं, पायातली शक्ती गेली, तर माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा. जमेल तसा रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, १०८ ला फोन करा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी थांबू नका: सीओ चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आधी सांगा, म्हणजे रक्तातल्या कार्बोक्सिहिमोग्लोबिनची, म्हणजे सीओ चिकटलेल्या हिमोग्लोबिनची, तपासणी लगेच होईल.