विशेष बिअरचे ग्लास जमवताना आणि वापरताना या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या दर्यापूर भागातील अनेक तरुण नागपूरहून गव्हाची बिअर, बेल्जियन पद्धतीची गडद बिअर अशा बाटल्या आणू लागले आहेत आणि त्यांच्यासाठी ग्लासही जमवू लागले आहेत. हा छंद मी पंधरा वर्षांपासून जोपासत असल्यामुळे त्यांच्या तक्रारी माझ्याकडे येतात. फेस टिकत नाही, वास येत नाही, बिअर दोन मिनिटांत कोमट होते, अशा त्या ठरलेल्या तक्रारी असतात. प्रत्येक वेळी दोष बाटलीला दिला जातो आणि ग्लास कोणी तपासत नाही.

तुपाची घासणी आणि खारपाण

ही चूक मी स्वतः सर्वांत महागात भोगली आहे. एकदा मावसभावाने जर्मन गव्हाच्या बिअरच्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या आणल्या होत्या. या बिअरचा ग्लास उंच, खाली निमुळता आणि वर रुंद असतो, कारण तिला भरपूर फेस येतो आणि तो वर मावावा लागतो. माझ्या ग्लासात मात्र फेस आला आणि अर्ध्या मिनिटात विरून गेला. चारही बाटल्यांचे तेच झाले. माल शिळा आहे असे मी दुकानदाराला चार लोकांसमोर सुनावले. "भाऊ, माल ताजा आहे, तुम्ही ग्लास पाहा," एवढेच तो शांतपणे म्हणाला. मला त्याचा राग आला आणि जवळजवळ वर्षभर मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही. पुढे त्याच संचातील एक न वापरलेला ग्लास खोक्यातून काढून नुसता जारच्या पाण्याने विसळला आणि तीच बिअर त्यात ओतली, तेव्हा फेस शेवटच्या घोटापर्यंत टिकला आणि काचेवर त्याची जाळीदार कडी उमटत गेली. बाकीचे ग्लास आमच्या घरी दुधाच्या पातेल्याच्या आणि तुपाच्या कढईच्या घासणीनेच धुतले जात होते. दुसऱ्याच दिवशी मी दुकानात जाऊन माफी मागितली.

फेसाचे बुडबुडे बिअरमधील प्रथिने आणि हॉप्सची (बिअरमध्ये घालतात त्या कडवट फुलांची) कडू द्रव्ये मिळून धरून ठेवतात, आणि स्निग्ध पदार्थाचा डोळ्यांना न दिसणारा थरही ही पकड सोडवतो. म्हणून बिअरच्या ग्लासांची घासणी वेगळी, मऊ आणि फक्त त्यांच्यासाठीच असली पाहिजे. राखेने किंवा तारेच्या घासणीने ग्लास कधीही घासू नये, कारण त्याने काचेवर चरे पडतात आणि सोनेरी कड निघून जाते. ग्लास स्वच्छ आहे की नाही हे पाहण्यासाठी तो ओला करून आतून मीठ भुरभुरावे. मीठ सगळीकडे सारखे चिकटले तर ग्लास स्वच्छ आहे. जिथून ते गळून पडते तिथे तेलकटपणा उरला आहे. ओतलेल्या बिअरचे बुडबुडे काचेच्या भिंतीला ठिपक्यांसारखे चिकटून बसले, तर तीही मळाचीच खूण समजावी.

आपल्याकडे दुसरी अडचण पाण्याची आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा पट्टा, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे, आणि येथील बोअरच्या पाण्याने धुतलेला ग्लास वाळला की त्यावर पांढरे डाग उरतात. ते घासून काढण्याच्या भानगडीत पडू नये. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडे पाणी मिसळून ग्लास दहा मिनिटे भिजवावा, भरपूर पाण्याने धुवावा आणि शेवटचे विसळणे जारच्या पाण्याने करावे. मी ग्लास कापडाने पुसत नाही. कापडाचे तंतू आणि साबणाचा वास काचेला लागतो. तारेच्या जाळीवर उलटे ठेवले की ते आपोआप वाळतात. तेवढा वेळ थांबण्याची तयारी नसेल, तर चांगली बिअर विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पाइंट म्हणजे किती

आपल्याकडे दुकानात पाइंट मागितला की ३३० मिलिलिटरची बाटली मिळते. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो आणि अमेरिकन सुमारे ४७३ मिलिलिटरचा. ओळखीच्या एका मुलाने पाइंट ग्लास या नावावर विसंबून पहिल्याच आठवड्यात ५६८ मिलिलिटरचे सहा ग्लास मागवले. त्यात लहान बाटली अर्ध्याच्या थोडी वर येते. याच्या उलट चूकही होते: काठोकाठ ३३० मिलिलिटर मावणारा ग्लास घेतला, तर फेसाला जागाच उरत नाही. युरोपीय ग्लासांवर ०,३ किंवा ०,५ लिटरची रेघ असते. माप तिथपर्यंतचे असते आणि वरची जागा फेसासाठी सोडलेली असते. विकत घेण्यापूर्वी ती रेघ पाहावी आणि आधी दोनच ग्लास घेऊन वर्षभर वापरावेत.

आकाराचे म्हणाल, तर आत वळलेल्या तोंडाचा, दांड्याचा ग्लास बहुतेक बिअरना पुरतो. इटलीत बिअर बनवणारे टेओ मुस्सो आणि बिअरचे जाणकार लोरेंझो दाबोवे यांनी २००६ साली तयार केलेला टेकू ग्लास याच प्रकारातला आहे. नवशिके मात्र क्वाक या बेल्जियन बिअरचा गोल बुडाचा, लाकडी स्टँडवर टेकवायचा ग्लास आधी घेतात. तो टेबलावर उभा राहत नाही, त्यामुळे पहिला ग्लास म्हणून तो घेऊ नये.

मे महिन्यातला जाड मग

जाड काच बिअर थंड ठेवते हे ऐकून लोक जड मग घेतात. जाड काच थंडावा धरते, तशीच उष्णताही धरते. ४२ अंशांच्या खोलीत फळीवर ठेवलेल्या ६०० ग्रॅमच्या मगात ८ अंशांची ३३० मिलिलिटर बिअर ओतली, तर हिशेबाने ती केवळ काचेच्या उष्णतेमुळे १७ अंशांच्या आसपास जाते. २०० ग्रॅमच्या पातळ ग्लासात ती १२ अंशांच्या आतच राहते. होगार्डन या बेल्जियन गव्हाच्या बिअरचा षट्कोनी जाड ग्लास आधी थंड केला, तरच उपयोगाचा. यावर उपाय म्हणून ग्लास फ्रीझरमध्ये टाकणे ही आणखी एक चूक आहे, कारण आतल्या बर्फाने फेस उसळतो, बिअर पातळ होते आणि जीभ बधिर होते. मी ओतण्यापूर्वी ग्लास माठातल्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून ठेवतो. कोरड्या उन्हाळ्यात माठ चांगला गार राहतो, ओल्या काचेवर फेसही नीट बसतो आणि धूळ निघून जाते. त्या माठात जारचे पाणी असावे आणि वाळा घातलेला नसावा, कारण वाळ्याचा वास सरळ ग्लासात उतरतो.

डांबरगोळ्यांच्या कपाटात ग्लास ठेवू नयेत. फोडणीचा धूर पोहोचणाऱ्या फळीवरही ठेवू नयेत. जुन्या ग्लासांच्या तोंडाजवळ रंगीत छपाई असेल, तर ते फक्त पाहण्यासाठी ठेवावेत, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते. एकात एक घालून ठेवलेले ग्लास अडकले, तर ओढाताण न करता आतल्या ग्लासात थंड पाणी भरावे, बाहेरचा कोमट पाण्यात धरावा आणि सुटेपर्यंत थांबावे. एसटीने ग्लास आणताना मी प्रत्येक ग्लासच्या आत आणि बाहेर घरचा कापूस दाबून भरतो, आणि खोके वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर घेऊन बसतो.