फ्लॅटहेड व्ही-८ पुन्हा बांधताना या चुका टाळा

फोर्डने १९३२ साली मॉडेल १८ या मोटारीत आठ सिलिंडरांचे स्वस्त इंजीन, म्हणजेच फ्लॅटहेड व्ही-८, आणले, तेव्हा ते २२१ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.६ लिटरचे होते आणि त्याची ताकद ६५ अश्वशक्ती होती. हे इंजीन अमेरिकेतील मोटारींत १९५३ सालापर्यंत टिकले. कॅलिफोर्नियातील मुरॉक आणि एल मिराज या कोरड्या तळ्यांवर तरुणांनी ज्या हॉट रॉड (वेगासाठी फेरफार केलेल्या मोटारी) पळवल्या, त्यांतील बहुसंख्य याच इंजिनावर चालत. आज अशी गाडी उभी करू पाहणारा माणूस सहसा ॲल्युमिनियमची चकचकीत हेडे (सिलिंडरांवरची झाकणे) आणि जोडीचे कार्ब्युरेटर आधी विकत घेतो आणि ब्लॉककडे, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाकडे, शेवटी वळतो. बहुतेक फसलेल्या कामांचे मूळ या उलट्या क्रमात असते.

या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, दोन रांगांच्या मधल्या दरीच्या बाजूला असतात. जळालेला वायू मात्र बाहेरच्या अंगाने निघतो. त्यामुळे तो व्हॉल्व्हपासून सिलिंडरांच्या मधून, वॉटर जॅकेट (पाणी फिरण्याची पोकळी) ओलांडत, ब्लॉकच्या आरपार जातो. शिवाय प्रत्येक बाजूला चार सिलिंडर असूनही बाहेर पडण्याची दारे तीनच आहेत, कारण मधल्या दोन सिलिंडरांना एकच दार वाटून घ्यावे लागते. एक्झॉस्टची उष्णता अशी थेट थंडाव्याच्या पाण्यात उतरते. आपल्याकडच्या जुन्या मेस्त्रींना फ्लॅटहेड म्हटले की महिंद्रने १९४७ पासून मुंबईत जोडलेली विलिस जीप आठवते. परंतु जीपच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्हच्याच बाजूला असल्याने गरम वायूचा मार्ग आखूड आहे. तिथला अनुभव इथे जसाच्या तसा लावला, तर इंजीन तापते आणि दोष रेडिएटरवर ढकलला जातो.

ब्लॉक न तपासता खर्च सुरू करणे

इंजीन उघडताना पहिली गडबड होते ती हेडवर. २४ स्टडांवर (ब्लॉकमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यांवर) बसलेले हेड अनेक दशकांच्या गंजाने चिकटलेले असते आणि उतावीळ माणूस पहार लावून ते उचलतो; मग हेड वाकते किंवा स्टड ब्लॉकमध्येच तुटतो. नट सैल करून, पण पूर्ण न काढता, इंजीन स्टार्टरने फिरवले, तर कॉम्प्रेशनच बऱ्याचदा हेड सोडवते. स्टड तुटलाच, तर त्याच्या टोकावर नट वेल्ड करून तो तापलेल्या अवस्थेत हळूहळू मागेपुढे फिरवावा. ड्रिल घेऊन धावणे हा शेवटचा उपाय आहे, कारण ड्रिल सरकले की आटे गेले.

ब्लॉक मोकळा झाल्यावर बाहेरून धुऊन रंग देण्याचा मोह होतो, पण घाण आत असते. ओतकामाच्या वेळी जॅकेटमध्ये राहिलेली वाळू, साच्याच्या तारा, गंजाची खपली आणि जुन्या पाण्याचा गाळ मागच्या सिलिंडरांभोवती तळाशी घट्ट बसलेला असतो. नळाच्या पाण्याने तो हलत नाही. भट्टीत तापवून किंवा कॉस्टिकच्या गरम टाकीत बुडवून, त्यानंतर प्रत्येक छिद्रातून तारेचा ब्रश आणि वाकवलेली सळई घालून तो खरवडावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि तयार इंजिनाच्या फोटोत कधीच दिसत नाही, तरीही माझ्या मते संपूर्ण बांधणीतील सर्वांत फलदायी दिवस तोच असतो. सफाई नेहमी तपासणीच्या आधी करावी, कारण गाळाखालचा तडा कोणालाच दिसत नाही.

तड्यांच्या बाबतीत दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे केसाएवढी रेघ दिसताच ब्लॉक भंगारात काढणे, आणि दुसरी म्हणजे ‘चालत होते ना’ म्हणत सगळेच तडे दुर्लक्षिणे. स्टडच्या छिद्रापासून शेजारच्या पाण्याच्या छिद्रापर्यंत गेलेले बारीक तडे या ब्लॉकांत इतके सर्वसाधारण आहेत की बरेच जाणकार ते आहेत तसे सोडतात. व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत गेलेला तडा मात्र गंभीर असतो. तिथे पिनांनी शिवण घालणे आणि स्लीव्ह बसवणे आले. डोळ्यांनी केलेली पाहणी पुरेशी नसल्याने चुंबकीय चूर्णाची चाचणी करावी आणि तिच्या जोडीने जॅकेटमध्ये दाब भरून गळती पाहावी. एकही भाग विकत घेण्याआधी हा खर्च करावा.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवतानाही हाच संयम लागतो. फोर्डच्याच मर्क्युरी मोटारीच्या २३९ घनइंची इंजिनाचा मूळ बोअर ३-३/१६ इंच होता. तो ३-५/१६ इंच करून चार इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा) क्रँक बसवला की सुमारे २७६ घनइंच मिळतात, आणि हे प्रमाण जुन्या हॉट रॉडवाल्यांचे आवडते आहे. परंतु ओतकामात गाभा किंचित सरकलेला असेल, तर एकीकडची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ राहते. ध्वनिलहरींच्या उपकरणाने भिंतीची जाडी मोजल्याशिवाय मोठा बोअर मारू नये. पातळ भिंत तापते, वाकते आणि रिंगा तेल पिऊ लागतात.

वेगवेगळ्या सालांचे भाग एकत्र करणे

बाहेरून ही इंजिने सारखी दिसतात आणि फसगत तिथेच होते. १९४८ पर्यंतच्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडची बेअरिंग तरंगती होती, म्हणजे दोन रॉडांमध्ये एकच लांब बेअरिंग असे आणि ते क्रँकवरही फिरे आणि रॉडमध्येही. १९४९ पासूनच्या, ८बीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंजिनांत प्रत्येक रॉडला आपापले, जागेवर अडकलेले बेअरिंग आले. त्यानुसार क्रँकच्या जर्नलवरील तेलाच्या छिद्रांची रचनाही बदलली: जुन्या क्रँकवर दोन रॉडांना मिळून मधोमध एक छिद्र, तर नव्या क्रँकवर प्रत्येक रॉडसाठी वेगळे. एका पद्धतीचे रॉड दुसऱ्या पद्धतीच्या क्रँकवर बसतात, फिरतात आणि तेलावाचून काही तासांत जळतात. मर्क्युरीचा १९४९ ते १९५३ या काळातील चार इंच स्ट्रोकचा क्रँक सर्वांना हवा असतो. तो घेतला, तर रॉडही त्याच काळाचे घ्यावेत.

हेड गॅस्केटचेही तसेच आहे. जुन्या हेडांत पाण्याचा निकास मध्यभागी आहे, ८बीएच्या हेडांत तो पुढच्या टोकाला आहे, आणि ब्लॉकवरील पाण्याची छिद्रेही त्याप्रमाणे बदलली आहेत. स्टडांची छिद्रे जुळली म्हणून गॅस्केट जुळले असे समजणाऱ्याच्या इंजिनात पाणी मधूनच आखूड रस्ता धरते आणि मागचे सिलिंडर उकळत राहतात. गॅस्केट कोरडे ठेवून आधी ब्लॉकवर आणि मग हेडवर धरावे, आणि प्रत्येक छिद्र उघडे राहते का ते पाहावे. याला पाच मिनिटे लागतात.

व्हॉल्व्ह आणि टॅपेट

मूळ टॅपेटांना, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या भागांना, जुळवणीचा स्क्रू नव्हता. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट कमी पडली की व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक घासून ती साधत. सीट कापली की व्हॉल्व्ह खोल बसतो, दांडा तेवढाच टॅपेटकडे सरकतो आणि फट कमी होते, हे न लक्षात घेता जुन्याच मापाने जोडणी केल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. सर्वसाधारण माप इनटेकला १० ते १२ थाउ (इंचाचे हजारांश) आणि एक्झॉस्टला १४ ते १६ थाउ आहे. बदललेल्या कॅमसाठी कॅम बनवणाऱ्याने दिलेले माप धरावे. जुळवणीचे टॅपेट घेतले तरी एक गोष्ट विसरू नये: टॅपेट इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असतात, म्हणून मॅनिफोल्ड बसवण्याआधीच प्रत्येक फट दोनदा तपासावी.

उंच लिफ्टचा कॅम आणि घासून पातळ केलेले हेड यांची जोडी विशेष धोक्याची आहे, कारण व्हॉल्व्ह हेडच्या पोकळीत वर उठतो आणि त्याला तिथे जागा उरत नाही. मुलांच्या खेळण्यातल्या मातीच्या गोळ्या पिस्टनवर आणि व्हॉल्व्हवर ठेवून, जुने गॅस्केट घालून हेड आवळावे, इंजीन हाताने दोन फेरे फिरवावे आणि मग माती कापून तिची जाडी मोजावी. किमान ४० ते ५० थाउ जागा राहिली पाहिजे.

हेड आवळणे

या इंजिनाची अनेक हेड-छिद्रे थेट पाण्यात उघडतात. आट्यांना सीलंट न लावल्यास पाणी आट्यांतून वर झिरपते आणि माणूस गॅस्केट फुटले समजून हेड पुन्हा उतरवतो. जुने आटे साफ करताना धातू कापणारा टॅप वापरू नये, त्याने छिद्र सैल होते. आटे फक्त झाडून काढणारे हत्यार वापरावे. टॉर्क पाना एका दमात पूर्ण आकड्यापर्यंत न नेता मधून बाहेर अशा क्रमाने तीन टप्प्यांत न्यावा. ॲल्युमिनियमचे हेड इंजीन पूर्ण गार झाल्यावरच पुन्हा आवळावे, आणि दोन-तीन वेळा तापून गार झाल्यावर ही फेरी परत करावी. ॲल्युमिनियम आणि ओतीव लोखंड पाण्यात एकत्र असताना गंजरोधक कूलंट टाळून साधे पाणी भरणे म्हणजे महाग हेड स्वतःच्या हाताने झिजवणे होय.

इंधन आणि ठिणगी

ठिणगीच्या वेळेची चूक इतकी वेळा होते आणि इतकी उशिरा कळते की तिच्यावर थोडे थांबावेसे वाटते. ८बीएच्या मूळ डिस्ट्रिब्यूटरमध्ये वजनांनी चालणारा ॲडव्हान्स नाही. वेग वाढल्यावर ठिणगी पुढे नेण्याचे, म्हणजे लवकर पाडण्याचे, सगळे काम तो मूळ कार्ब्युरेटरकडून मिळणाऱ्या व्हॅक्यूमवर करतो. हॉट रॉडवाला तो कार्ब्युरेटर काढून जोडीचे स्ट्रॉमबर्ग ९७ लावतो, ज्यात तसा व्हॅक्यूम देणारी सोय नाही, आणि डिस्ट्रिब्यूटर तोच ठेवतो. इंजीन सुरू होते, आयडलवर गोड चालते, पण रस्त्यावर ठिणगी उशिराच पडत राहते. उशिरा पेटलेले मिश्रण एक्झॉस्टच्या वाटेत जळत जाते आणि ती वाट पाण्यातून जाते, हे वर आलेच आहे. मग रेडिएटर बदलला जातो, पंखा बदलला जातो, थर्मोस्टॅट फेकला जातो, आणि तापणे तसेच राहते. एकाहून अधिक कार्ब्युरेटर लावायचे असल्यास वजनांचा ॲडव्हान्स असलेला डिस्ट्रिब्यूटर त्याच खरेदीत घ्यावा.

स्ट्रॉमबर्ग ९७ ला दर चौरस इंचाला अडीच ते तीन पौंडांहून अधिक इंधनदाब सोसत नाही. आधुनिक विजेचा पंप त्याच्या दुपटीने ढकलतो, नीडल उचलली जाते आणि पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये सांडते. दाब-नियंत्रक लावावा. रस्त्यावरच्या गाडीला तीन कार्ब्युरेटर हवेतच कशाला, हा प्रश्न मी दरवेळी विचारतो. उत्तर बहुधा ‘शोभतात म्हणून’ असेच येते, आणि तेही खोटे नाही.

लक्षणावरून दोष

थांबलेल्या गाडीत तापते आणि चालत्या गाडीत गार राहते, तेव्हा हवेचा प्रवाह, पंखा आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) पाहावे. वेगात तापत असेल, तर जॅकेटमधला गाळ, चुकीचे गॅस्केट किंवा उशिराची ठिणगी यांपैकी काहीतरी आहे. थंड इंजीन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत आहे; हेड पुन्हा आवळून पाहावे आणि बुडबुडे तरीही थांबले नाहीत, तर तड्याचा संशय धरावा. तेलाचा दाब गार असताना चांगला आणि गरम झाल्यावर कोसळणारा असेल, तर जाड तेल ओतून वेळ मारून न नेता तळाचा पॅन उतरवून बेअरिंगची फट मोजावी. एखादाच सिलिंडर चुकत असेल, तर १-५-४-८-६-३-७-२ हा पेटण्याचा क्रम वायरींवर बोट ठेवून मोजावा. नव्याने बांधलेल्या इंजिनात दोन वायरींची अदलाबदल हा दोष अनुभवी माणसाकडूनही होतो.